गोदामाची कडी

१

गोदामाला कुलूप घालण्याआधी कटिंग मास्तर नरसिंग रोज एकदा दार उघडून आत नजर टाकी. कोणी कापडाचा तुकडा लपवून ठेवलाय का, एवढंच पाहायचं असे. त्या संध्याकाळी त्यानं बाहेरची कडी काढून दार ओढलं, तर भट्टीचं तोंड उघडावं तशी वाफ अंगावर आली. मग कापडाच्या गासड्यांच्या मधल्या बोळात त्याला एक पाऊल दिसलं. पावलाच्या बोटांत जोडवी होती.

ती पारूबाई होती. मुखेडकडची, कॉलर शिवणाऱ्या ओळीतली. नरसिंगनं हाका मारल्या, खांद्याला धरून हलवलं, आणि मग तो पाणी पाणी करत बाहेर धावला. पाणी आलं, पण ते तिच्या ओठांवरून गालावर ओघळून गेलं.

लातूर नवा जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्याला नव्या कचेऱ्या, नव्या शाळा लागत होत्या, आणि त्या सगळ्यांना गणवेश. उदगीरच्या कापडदुकानदार घराण्यातल्या बसवराजप्पांनी हे वेळेवर हेरलं आणि शहराबाहेरच्या वसाहतीत पत्र्याचा कारखाना घातला. शिवायला बाया हव्या होत्या. त्या दुष्काळानं दिल्या. मुखेड, देगलूर, किनवट, जिथं विहिरींचे तळ दिसू लागले होते तिथून बाया आल्या आणि कारखान्यामागच्या चाळीत राहू लागल्या. गावाकडच्या बाया रोजगार हमीवर उन्हात खडी फोडत. त्या म्हणत, लातूरला गेलेल्या राण्या झाल्या, सावलीत बसून कमावतात.

ती सावली कशी होती ते पारूबाईच्या हातांवरून दिसत होतं. तिची नखं मुळापासून तुटली होती. एक गासडी ओढत भिंतीशी आणलेली होती. तिच्यावर चढलं की वरच्या झरोक्याला हात पोचे. पण त्या झरोक्यावर मालकानं चोरीच्या भीतीनं पत्रा ठोकून घेतला होता. पत्र्याचा एक कोपरा जरासा वाकला होता, आणि त्या कोपऱ्याला रक्त लागलं होतं.

तिच्या कमरेला बकरमची एक घडी खोचलेली होती. कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात ते जाड कापड. तेच आणायला ती आत आली असणार, असं सगळे म्हणाले. अपघात झाला, असंही कोणी म्हणालं.

नरसिंग मात्र कपाळाला हात लावून एकच गोष्ट सांगत राहिला. कडी बाहेरून लावलेली होती, आणि ती त्यानं आपल्या हातानं काढली होती.

२

तपास फौजदार हणमंतराव कानगुले यांच्याकडे आला. जाडजूड, संथ बोलणारा, निवृत्तीला आलेला माणूस. त्यांनी आयुष्य नांदेड जिल्ह्यात काढलं होतं आणि नवा जिल्हा झाल्यावर बढतीच्या आशेनं लातूरला बदली मागून घेतली होती. बढती आली, पण ती शेषेरावांना. शेषेराव आता उपअधीक्षक होते. त्यांना सलाम ठोकताना हणमंतरावांच्या खांद्यात कळ येई, आणि ती संधिवाताची नाही हे त्यांना चांगलं माहीत होतं.

डॉक्टरांनी सांगितलं की बाई उष्म्यानं गेली. तशा गोदामात धडधाकट माणूस दुपारभर टिकणं कठीण, आणि हिच्या अंगात तर आधीच पाणी नव्हतं. पण ती लगेच गेलेली नाही. बराच वेळ ती दार वाजवत असणार.

अंगात पाणी का नव्हतं, ते बायांनी सांगितलं. ओळीला एक पितळी बिल्ला होता. तो खिळ्याला अडकवलेला असे. बाहेर जायचं तर तो गळ्यात घालून जायचं, परत आलं की खिळ्याला लावायचा, तोवर ओळीतल्या दुसरीनं उठायचं नाही. म्हणून बाया पाणीच कमी पीत. तहान मारली की बिल्ल्यासाठी भांडण होत नसे.

बाया आपल्या हालांहून जास्त कशाबद्दल बोलल्या असतील तर त्या पारूबाईच्या नशिबाबद्दल. नांदेडला कारखान्याची दुसरी शाखा निघणार होती. तिथं मुख्य बाई म्हणून कोणाला पाठवायचं ते ठरवायला नांदेडचे भागीदार त्या दिवशी दुपारी आले होते. मुख्य बाईला वेगळी खोली, डोक्यावर पंखा, आणि बिल्ल्याशिवाय फिरायची मुभा. मालकानं पारूबाईचं नाव आधीच सुचवलं होतं. तिच्या हातची कॉलर पाहून ते स्वतः म्हणाले होते की ही इस्त्रीशिवाय विकली जाईल.

"मग जेवणाच्या सुट्टीनंतर ती जागेवर नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नाही?" हणमंतरावांनी विचारलं.

किनवटची एक पोरसवदा बाई खाली बघत म्हणाली, "आलं ना साहेब. आम्हाला वाटलं, ती हापिसात पाहुण्यासंग चहा पिऊन राहिली. पंख्याखाली."

"विचारलं नाही कोणाला?"

"कशाला विचारावं? आधीच जळून राहिलो होतो."

बसवराजप्पांकडून दुसरीच बाजू कळली. दुपारी गेलेली लाइट परत आल्यावर ते पाहुण्यांना घेऊन शिवणखान्यात गेले तेव्हा त्यांना पारूबाईचं मशीन रिकामं दिसलं. पोरगी आयत्या वेळी घाबरून चाळीत पळाली, असं वाटून त्यांना पाहुण्यांपुढं ओशाळं झालं. मग पाहुण्यांनी दोघी-तिघींचं काम पाहिलं आणि मान डोलावली. तिकडं ओळीतल्या बायांना वाटलं, निवड होऊन गेली आणि पारू गाठोडं बांधायला गेली.

मालकाला वाटलं ती हरून पळाली, बायांना वाटलं ती जिंकून गेली. तिचा शोध कोणीच घेतला नाही.

३

प्रेताला अंघोळ घातली ती लक्ष्मम्मानं. ती शिवणखान्यावर देखरेख करणारी बाई, उदगीरकडची, पन्नाशीची. कारखान्यातलं पहिलं मशीन तिनंच चालवलं होतं आणि निम्म्या बाया तिच्याच हाताखाली शिकल्या होत्या. पारूला तर ती लेक म्हणे, मायेनं 'अव्वा' अशी हाक मारी. आपली ठेवणीतली साडी तिनं पारूच्या अंगावर घातली. हणमंतराव विचारायला गेले तेव्हा ती चुलीपुढं नुसतीच बसली होती.

तिनं फार काही सांगितलं नाही. आदल्या दिवशी टँकरपाशी पारूचं आणि चतुराबाईचं भांडण झालं होतं, एवढं तिच्या तोंडून निघालं, आणि लगेच ती म्हणाली, "जावा-जावांचं ते. त्यात काय धरायचं, साहेब. चतुरा तशी नाही."

चतुराबाई ही पारूची थोरली जाऊ. पारूचा नवरा हैदराबादला गेला तो परत आलाच नाही. तेव्हा चतुरानंच तिला आपल्यासोबत लातूरला आणलं. आधी चतुरा मशीनवर बसली, मग तिनं पारूला शेजारी बसवून घेतलं. आणि वर्षाच्या आत पारू तिच्या पुढं गेली. टँकरपाशी चतुरा काय बोलली ते साऱ्या चाळीनं ऐकलं होतं. तू नांदेडला गेलीस तर माझ्या दारात पाय ठेवू नको, तू मेलीस तरी मी रडायला यायची न्हाई, असं ती म्हणाली होती. ज्यांचं काम पाहुण्यांनी पाहिलं त्यांत तीही होती. आणि ती बसे ती ओळीतल्या शेवटच्या मशीनवर, गोदामाकडच्या भिंतीला लागून. उठून कडी लावून यायला कितीसा वेळ?

तिला ठाण्यावर आणलं. ती बाकावर बसली, पाणी दिलं ते प्याली नाही. हणमंतरावांनी भांडणाबद्दल विचारलं, तिनं होकाराची मान हलवली. पारूचा राग होता का, विचारलं. त्यालाही तिनं मानेनं होकार दिला. कडी तुम्ही लावली का, असं विचारलं तेव्हा मात्र मान हलली नाही.

"माझ्यावरच लावा, साहेब," ती शेवटी म्हणाली. "मी ऐकलं होतं तिला."

४

त्यापुढं ती एक अक्षर बोलली नाही. जमादार ग्यानोबा म्हणाला, आता अजून काय पाहिजे, बाई कबूलच झाली. हणमंतरावांना ते पटत नव्हतं. गुन्हा करणारा माणूस 'मी ऐकलं' म्हणत नाही, 'मी केलं' म्हणतो किंवा नाही म्हणतो.

ते पुन्हा कारखान्यात गेले. चतुराच्या शेजारच्या दोघींना त्यांनी वेगवेगळं बसवून विचारलं. दोघींचं म्हणणं जुळलं. सुट्टी संपल्यावर चतुरा जागेवर आली ती दिवे लागेपर्यंत उठली नाही. बिल्ला आधी एकीनं नेला, मग दुसरीनं. चतुरानं मागितलाच नाही.

"आणि पारूबाई गेली तेव्हा बिल्ला तिच्याजवळ नव्हता?"

नव्हता. तो खिळ्यालाच होता. प्रेताजवळही सापडला नव्हता.

म्हणजे पारू बिल्ल्याशिवाय गोदामात गेली होती. आणि बिल्ल्याशिवाय तिथं जायची परवानगी देणारी माणसं मोजकीच होती. मालक, मालकीण, कटिंग मास्तर आणि लक्ष्मम्मा. शेजारणीनं सांगितलं असतं तर पारू गेली नसती. दंड झाला असता. तिला 'जा' म्हणणारं माणूस वरचं होतं.

नरसिंगला त्यांनी बकरमबद्दल विचारलं. तो चमकून म्हणाला की हे त्याच्याही मनात आलं होतं, पण बोलला नाही. त्या दिवशी पाहुणे येणार म्हणून बकरमचा अख्खा तागा सकाळीच त्यानं शिवणखान्यातल्या मेजावर आणून ठेवला होता. गोदामात जायची कोणाला गरजच नव्हती.

म्हणजे तिला खोट्या कामाला धाडलं होतं. नरसिंग स्वतः सुट्टीनंतर सगळा वेळ कारखान्यापुढच्या मालकाच्या घरी पाहुण्यांना कापड बेतून दाखवत होता. पाहुण्यांनीही ते सांगितलं. मालक त्यांच्या शेजारीच उभे होते. उरल्या दोघी.

मालकीण जगदेवी पुढच्या घरात राहत होती. आणि जगदेवीचा पारूवर राग आहे, हे कारखान्यातली भिंतसुद्धा सांगत होती.

५

जगदेवीनं काही लपवलं नाही. गळ्यातल्या इष्टलिंगाच्या करंडीवर हात ठेवून ती सरळ बोलली. नवरा जेवताना पारूच्या कॉलरीचं कौतुक करी, ते तिला सहन होत नसे. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण त्यांनी तिच्या हातच्या शेंगाच्या पोळीचं कधी एवढं नाव काढलं नव्हतं. पारू नांदेडला जाणार हे ऐकून तिनं शिवाला अभिषेक घातला होता, खुशीनं.

"ती जावी म्हणूनच मी नवस करीत होते," जगदेवी म्हणाली. "जाणारीला मी कशाला अडकवू?"

ते खरंच होतं. पारूच्या निवडीनं जिचं भलं होणार होतं, अशी कारखान्यात ही एकच बाई होती.

त्या दुपारी ती पाहुण्यांच्या जेवणात गुंतली होती. दुपारी लाइट गेली, पंखे थांबले, मशीनचा आवाज थांबला. हणमंतरावांनी विचारलं की तेव्हा कारखान्याकडून काही ऐकू आलं का. ठोकण्याचा आवाज, हाका.

"हाका नाही," जगदेवी म्हणाली. "गाणं. बाया टाळ्या वाजवून पावसाचं गाणं म्हणत होत्या, चांगला वेळ. पाहुण्यांनी सुद्धा विचारलं, तुमच्याकडं बाया कामावर गातात का? ह्यांना लई अभिमान वाटला. मलाच नवल वाटलं. इतक्या दिवसांत मी तिथून कधी गाणं ऐकलं नाही. बोलायला सुद्धा बंदी आहे त्यांना."

हणमंतराव उठता उठता पुन्हा बसले. दार वाजवणारी बाई मशीनच्या घरघरीत ऐकू जाणार नाही, हे सरळ होतं. पण मशीन थांबल्यावर ती ऐकू यायलाच हवी होती. आणि नेमक्या तेव्हाच, जिथं कुजबुजायला बंदी, तिथं बाया टाळ्या वाजवून गात होत्या.

ते ठाण्यावर परतले आणि बाकावरच्या चतुराबाईसमोर जाऊन बसले.

"गाणं चालू होतं तेव्हा ऐकलंत ना?"

चतुरानं मान वर केली. दोन दिवसांत पहिल्यांदा तिनं त्यांच्याकडं पाहिलं.

"भिंतीतून आवाज आला," ती म्हणाली. "बाईचा. बारीक. मला वाटलं, हापिसात हसून राहिली. पाहुण्यापुढं, माझ्यावर. म्हणून मी टाळ्या अजून जोरात वाजवल्या."

एवढं बोलून ती पदर तोंडात कोंबून रडू लागली.

६

गाणं सुरू कोणी केलं, हे विचारायला हणमंतराव निघणार तोच शेषेराव आले. ते हणमंतरावांच्याच खुर्चीत बसले. वर्तमानपत्रात बातमी आली होती, वरून विचारणा होत होती. जाऊ कबूल झाली आहे असं त्यांच्या कानावर होतं. तिला उद्या कोर्टापुढं उभं करा आणि विषय मिटवा, असं त्यांनी नेमस्तपणे सांगितलं. हणमंतरावांनी एक दिवस मागितला. शेषेराव हसले. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं.

"तुमचा एक दिवस म्हणजे मला माहीत आहे," ते म्हणाले. "प्रेत नंतर, दार आधी बघायचं, हे तुम्हीच शिकवलंत मला. नांदेडला. मी तेव्हा पंचनामाही धड लिहू शकत नव्हतो."

ते जिना उतरून जाऊ लागले. हणमंतराव वर कठड्याला धरून उभे होते. आपण बोट धरून शिकवलेला हा माणूस, त्याची पाठ, खांद्यावरचे तारे. हा आत्ता पायरीवरून घसरावा, असं त्यांच्या मनात आलं. मरावा असं नाही. नुसता घसरावा, चार लोकांपुढं. ते स्वतःशीच दचकले.

बराच वेळ ते कठड्यापाशीच उभे राहिले. शेजारी बसणाऱ्याचा मत्सर ठसठसतो, पण तो भांडून मोकळा होतो. चतुरा टँकरपाशी ओरडून मोकळी झाली होती. न बोलता जळतो तो शिकवणारा. त्याला भांडता येत नाही, कारण जग त्याला म्हणतं, तुझाच शिष्य ना, तुला तर आनंद व्हायला हवा. तो हसून मान डोलावतो, लेक म्हणतो. आणि मनातल्या मनात म्हणतो, नुसतं घसरावं. तेवढंच.

त्यांनी ग्यानोबाला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते कारखान्यात गेले. बसवराजप्पांना म्हणाले, मेन स्विच बंद करा. ग्यानोबाला गोदामात पाठवलं आणि कडी बाहेरून लावली. तू दार वाजवत राहा, मी उघडेपर्यंत थांबायचं नाही, असं त्याला बजावलं होतं.

मशीनं थांबली. शिवणखान्यात घामेजलेली शांतता पसरली, आणि तिच्यात भिंतीपलीकडून ठोके येऊ लागले. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळ्यांना स्वच्छ ऐकू आले. काही बायांनी कानांवर हात ठेवले.

"त्या दिवशी म्हटलंत ते गाणं म्हणा," हणमंतराव म्हणाले.

बाया आपापल्या सुईकडं बघत राहिल्या.

"बरं. त्या दिवशी जिनं सुरू केलं तिनंच सुरू करा."

ओळीओळीतल्या माना एका बाजूला वळल्या. भिंतीशी, बकरमच्या मेजापाशी, लक्ष्मम्मा उभी होती. बायांच्या चेहऱ्यावर आरोप नव्हता, अजून नव्हता. लाइट गेली त्या दिवशी ती स्वतः पुढं येऊन म्हणाली होती, गरमीत गप काय बसता, गा की गं, मोठ्यानं गा. आणि त्यांना ती एवढी मायाळू कधी वाटली नव्हती. पण आता एकेकीचे डोळे बदलू लागले.

"म्हणा, लक्ष्मम्मा."

तिनं ओठ उघडले. आवाज निघाला नाही. पलीकडून ग्यानोबा सांगितल्याप्रमाणं ठोकत होता. तिनं मेजाची कड धरली, मग खाली बसली.

"दार उघडा ते," ती म्हणाली. "कोणीतरी उघडा."

७

तिनं सगळं सांगितलं, आणि सांगताना एकदाही रडली नाही.

पहिल्या दिवसापासून कारखाना तिनं उभा केला होता. मालक तिला म्हणाले होते, नांदेडचं निघालं की तुम्हीच. मग पारू आली. पारूच्या हाताला जे होतं ते शिकवून येत नाही, हे लक्ष्मम्माला सगळ्यांआधी कळलं, आणि तिनंच ते सगळ्यांआधी बोलून दाखवलं. त्याच कौतुकावर बसून पारू पुढं गेली. एके दिवशी मालक म्हणाले, लक्ष्मम्मा, तुमचे डोळे आता थकले, तुम्ही इथंच बऱ्या.

"मारायचं नव्हतं मला," ती म्हणाली. "पाहुणा जाईपर्यंत ती दिसू नये, एवढंच. म्हटलं, बकरम आण जा अव्वा, मेजावरचं सरलंय. ती विचारायची नाही. माझा शब्द ती विचारत नव्हती कधी. ती आत गेली, मी कडी लावली. संध्याकाळी काढीन, दोन शिव्या खाईन, पाया पडीन."

"लाइट गेली तेव्हा तिचा आवाज आला ना?"

"आला. तेव्हा उघडायला गेले असते तर साऱ्या बायांनी बघितलं असतं. म्हणून गायला लावलं."

"आणि लाइट आल्यावर?"

हळू आवाजात तिनं सांगितलं की लाइट आल्यावर मालक पाहुण्यांना घेऊन आले. पाहुण्यांनी दोघींच्या कॉलरी पाहिल्या, मग लक्ष्मम्माची पाहिली. ती बोटांत धरून उजेडाकडं केली आणि मालकाच्या कानाशी म्हणाले, ही बाई आम्हाला द्या.

"किती वर्षांनी कोणी माझं काम असं हातात धरलं," ती म्हणाली. "मला वाटलं, आत्ता कडी काढली तर ती येईल, आणि तो तिची कॉलर बघेल. अजून थोडा वेळ, म्हटलं. पाहुणा चहा घेईपर्यंत. मग मोटारीत बसेपर्यंत. तो गेल्यावर मी दाराला कान लावला. आत काही नव्हतं. मग मला कडी काढवेना."

गोदामाच्या वाफेत पारू त्याआधीच गेली होती. डॉक्टरांनी ते नंतर कोर्टात सांगितलं.

लक्ष्मम्माला शिक्षा झाली. हणमंतरावांनी झरोक्यावरचा पत्रा, बिल्ला आणि त्यापायी बायांनी मारलेली तहान हे सगळं तपासात घेतलं, आणि बसवराजप्पांवरही गुन्हा दाखल केला. शेषेरावांनी त्यावर कुरकुर न करता सही केली, ही गोष्ट हणमंतरावांना कबूल करावी लागली. मालकाला तुरुंग झाला नाही. दंड झाला, झरोके उघडले, बिल्ले गेले. शेवटच्या सुनावणीला जगदेवी एकटी आली होती आणि मागच्या बाकावर बसली होती.

चतुराबाई सुटली. पहिले काही दिवस ती कामावर गेली नाही. नंतर नांदेडच्या भागीदारांनी तिला तिकडं बोलावून घेतलं.

निवृत्तीनंतर हणमंतराव लेकीकडं नांदेडला राहायला गेले. एकदा त्या बाजूला काम निघालं म्हणून ते शाखेत डोकावले. चतुराबाई तिथं मुख्य बाई झाली होती. केस पिकू लागले होते. तिनं त्यांना ओळखलं, खुर्ची दिली, चहा सांगितला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. पाऊस त्या साली बरा होता; मुखेडच्या काही बाया गावी परतल्या होत्या. इथं बिलोलीची एक नवी पोरगी आलीय, असं तिनं सांगितलं. हात असा चालतो की बघत राहावं. वर्षभरात ही खुर्ची तिचीच.

"मग तुम्हाला काय वाटतं?" हणमंतरावांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"जळतं की, साहेब. खोटं कशाला बोलू? हिथं," तिनं छातीवर बोट ठेवलं. "रोज जळतं. पर ते जळायला लागलं की मी..."

ती बोलता बोलता थांबली. तिची नजर त्यांच्या खांद्यावरून शिवणखान्यात गेली होती. तिसऱ्या ओळीत एक मशीन रिकामं होतं. त्याच्या सुईखाली अर्धी शिवलेली कॉलर तशीच होती.

"ही कुठं गेली?" चतुरानं शेजारणीला विचारलं. शेजारणीनं खांदे उडवले.

चतुरा उठली. हणमंतरावांना बसा म्हणायचंही तिला सुचलं नाही. ती आधी गोदामाकडं गेली, मग मागच्या दाराकडं, पोरीचं नाव घेऊन हाका मारत. आणि शिवणखान्यातल्या साऱ्या बायांनी आपापली मशीनं थांबवली, हाकेला उत्तर येतं का ते ऐकू यावं म्हणून.